वाटीचं माप आणि बाईचं ताट

आपल्या रेडिओवर दुपारच्या या वेळेला कुणी ना कुणी गप्पा मारायला येतं. आज आम्ही आठजणी आलोय. माईकसमोर एकच बसलीय, पण जे बोलणार आहे ते आठजणींनी मिळून ठरवलेलं आहे. आम्ही एकाच बचत गटातल्या. गाव माणदेशाच्या कडेचं, पाऊस बेताचा, भाजी बाजाराच्या दिवशी मिळेल तेवढीच. हातातलं काम चालू ठेवा, कणीक मळत ऐकलंत तरी चालेल. मात्र मधेमधे मापं सांगू, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

आज बोलायचंय ते घरात आहे त्यातच चांगलंचुंगलं करण्याबद्दल, आणि हे आम्हाला ज्या पुस्तकामुळं गोडीचं वाटायला लागलं त्याबद्दल. पुस्तक म्हणजे कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी ते असेल. लग्नात नव्या नवरीला द्यायचं पुस्तक म्हणून त्याची ख्याती आहे. आमची प्रत अशीच एकीला तिच्या मामीनं लग्नात दिलेली. पानांना हळदीचे डाग, थालिपीठाच्या पानाला तेलाचा ठसा. आता ती प्रत महिन्यागणिक एकेका घरी फिरते.

आधी थोडं पुस्तकाविषयी. कमलाबाई आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. स्वयंपाक त्या सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या आणि पुढं हाताला जे माहीत होतं ते त्यांनी कागदावर उतरवलं. १९७० साली ‘रुचिरा’ निघालं. तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघतच आहेत, इंग्रजीतही ते गेलं. मराठीत पाककृतींची पुस्तकं त्याआधीही होती. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचं. मग ‘रुचिरा’तच असं काय होतं की बायकांनी ते उचलून धरलं?

आम्हाला वाटतं, ती गंमत मापात आहे. कमलाबाईंनी सगळं वाटी आणि चमच्यानं सांगितलं. आपल्याकडं मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ साली झाला. शेर, पावशेर, छटाक गेलं आणि किलो-ग्रॅम आलं. दुकानदारांनी काटे बदलले, पण स्वयंपाकघरात काटा होताच कुठं? जुन्या बायकांना विचारलं तर त्या म्हणायच्या, “अंदाजानं घाल गं, बसेल तेवढं.” नव्या सुनेला अंदाज कुठून यायचा? तिला किलोचं कळेना आणि सासूचा अंदाजही कळेना. वाटी मात्र प्रत्येक घरात होती. पितळेची असो, स्टीलची असो, लहान असो की मोठी असो. एकाच वाटीनं सगळं मोजलं की प्रमाण बरोबर येतं. तुमची वाटी लहान असेल तर पदार्थ कमी होईल, पण बिघडणार नाही.

हे एकदा कळलं की भीती जाते. समजा, पुस्तकात दोन वाट्या पिठाला अर्धी वाटी डाळ सांगितलीय आणि घरात पीठ एकच वाटी आहे, तर डाळ पाव वाटी घ्यायची, एवढंच. आमच्यातल्या दोघी फारशा शिकलेल्या नाहीत, अक्षर लावून लावून वाचतात. पण वाटी-चमचा त्यांना लगेच समजला. तिसरीच्या घरी तर मुलगा पुस्तक वाचून फोडणीचा भात करायला शिकला. त्याला “अंदाजानं घाल” सांगून ते जमलं नसतं.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. महिन्याच्या पहिल्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत मांडून झाले, की पुस्तकातला एक पदार्थ मोठ्यानं वाचायचा. मग प्रत्येकीनं आपापल्या घरी तो करायचा. नियम एकच, त्याच्यासाठी मुद्दाम काही विकत आणायचं नाही. घरात जे नसेल त्याच्या जागी काय घातलं ते पुढच्या बैठकीत सांगायचं.

या नियमानं जी मजा आणली ती विचारू नका. आमच्याकडं ओला नारळ रोज कुठला? मग एकीनं शेंगदाण्याचं कूट घातलं, एकीनं तीळ भाजून घातले, एकीनं कारळं. आंबटासाठी चिंच नसली तर कैरी, टोमॅटो, आमसूल नाहीतर आंबट ताक. गूळ संपला होता म्हणून एकीनं आमटीत दोन खजूर कुस्करून टाकले, तेही चांगले लागले. आमच्यातल्या काहीजणींच्या घरी रविवारी मटण शिजतं. वाटण कसं भाजायचं, फोडणी कुठं थांबवायची, हे त्यातून शिकलेलं रश्श्यालाही उपयोगी पडतंच.

आता असं बघा, आपल्या जुन्या स्वयंपाकात सगळ्यात चवीचे किती पदार्थ उरल्या-सुरल्यातून झालेत! कटाची आमटीच घ्या. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ जास्त पाण्यात शिजवायची, १ वाटी डाळीला ४ ते ५ वाट्या पाणी. डाळ शिजली की वरचं पाणी काढून घ्यायचं, तोच कट. त्यात मूठभर शिजलेली डाळ घोटून घालायची. तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. मग गोडा किंवा घरचा मसाला, चिंचेचा कोळ, गूळ, भाजून वाटलेलं सुकं खोबरं. पोळी खाऊन झाली तरी लोक आमटीची वाटी पुढं करतात. ज्या बाईनं पहिल्यांदा ते पाणी ओतून न देता फोडणीला टाकलं, तिचं नाव कुणाला माहीत नाही. पण तिच्यासारखं डोकं आपल्या प्रत्येकीला आहे.

काही मापं आता लिहून घ्या.

उरलेल्या वरणाच्या चकोल्या. काही ठिकाणी यालाच वरणफळं म्हणतात. २ वाट्या उरलेलं वरण असेल तर त्यात २ वाट्या पाणी घाला. लसूण, मोहरी, हिंगाची फोडणी, तिखट, थोडी चिंच, थोडा गूळ. उकळी फुटली की १ वाटी कणकेची घट्ट पोळी लाटून, शंकरपाळ्यासारखे तुकडे करून एकेक सोडा. एकदम टाकू नका, चिकटतात. ८ ते १० मिनिटं शिजू द्या, वरून तूप. एका भांड्यात पूर्ण जेवण होतं.

दोडक्याच्या शिरांची चटणी. दोडका धुऊन घ्या आणि मग शिरा काढा. १ वाटी शिरा १ चमचा तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता. २ चमचे तीळ, २ चमचे सुकं खोबरं, ४ लसणाच्या पाकळ्या, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

थालिपीठाची भाजणी. आमच्या गटाचं प्रमाण असं बसलं: २ वाट्या ज्वारी, २ वाट्या बाजरी, १ वाटी तांदूळ, १ वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी धणे, २ चमचे जिरं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. गार झाल्यावर दळायचं. भाजणी डब्यात असली की घरात काही नाही असं कधी होत नाही. मुळ्याचा पाला, मेथीचे कोवळे देठ, फ्लॉवरची कोवळी पानं, कोथिंबिरीच्या काड्या, कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग किसून, यातलं काहीही त्यात जातं.

शिळी पोळी असेल तर कुस्करा. भाकरी असेल तर कुस्करून ताकात घाला, वरून लसणाची फोडणी. तूप कढवल्यावर राहिलेली बेरी कणकेत मळली की पोळ्या खुसखुशीत होतात. ताक फार आंबट झालं तर तांदळाच्या पिठाची उकड करा. आणि आपलं हुलग्याचं माडगं विसरू नका. हुलगा पाऊस कमी असला तरी येतो, म्हणून आपल्या आज्यांनी तो सोडला नाही.

सरपणाचं आणि गॅसचंही बघावं लागतं. डाळ अर्धा-पाऊण तास भिजवून लावली, कुकरमध्ये डाळ, भात आणि बटाटे एकावेळी ठेवले, भाजीवर झाकण ठेवलं, तर आमच्या अनुभवात सिलिंडर चार-पाच दिवस जास्त पुरतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. उरलेलं वापरा, पण खराब झालेलं वापरू नका. पोळीला किंवा भाकरीला बुरशीचा एक ठिपका दिसला तरी ती पूर्ण टाकायची, तेवढाच भाग काढून चालत नाही, कारण बुरशी आत पसरलेली असते. भाताचं तर फार जपा. शिजवलेला भात उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिला, तर त्यात असे जंतू वाढतात की त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रीज असेल तर भात पसरून लवकर गार करून आत ठेवा. नसेल तर शिजवलेला भात फार वेळ बाहेर न ठेवता लवकर संपवा. आणि रात्री भात उरणारच नाही असं माप धरा. वाटीचा उपयोग तिथंही होतोच. घरातली माणसं मोजायची आणि तांदळाच्या वाट्या मोजायच्या.

मैत्रिणींनो, इथवर सगळं गोडीगुलाबीचं झालं. पण आम्ही आज आलोय ते खरं तर पुढचं सांगायला.

मागच्या वर्षी गावात रक्त तपासणीचं शिबिर झालं. आमच्यातल्या एकीचं हिमोग्लोबिन आठ निघालं. बाई कामाला वाघ, आणि गटात सगळ्यात जास्त काटकसरी म्हणून तिचं कौतुक. शिळं-पाकं वाया जाऊ न देणारी. तिला चढ चढताना दम लागायचा, तर ती म्हणायची, “वय झालं आता.” वय किती? अडतीस.

पुढच्या बैठकीत पुस्तक उघडलंच नाही. आम्ही एकमेकींना एकच प्रश्न विचारला, काल रात्री तू काय जेवलीस? घरात काय शिजलं ते नाही, तुझ्या ताटात काय होतं? उत्तरं ऐकून सगळ्या गप्प झालो. एकीनं डाळ मुलांना आणि सासऱ्यांना वाढली, तिच्या वाट्याला तळाचं पाणी. एकीनं भाजी संपली म्हणून चटणी-भाकरी खाल्ली. एकीनं सकाळची पोळी चहात बुडवून खाल्ली. एकीनं खाल्लंच नाही, कारण “सगळ्यांचं होईपर्यंत भूक मरून गेली”.

हे काही आमच्याच गावाचं नाही. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. आपल्या महाराष्ट्रात हाच आकडा ५४ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे आता रेडिओ ऐकत बसलेल्या दोघीजणी असाल, तर त्यातल्या एकीला तरी हा त्रास असू शकतो. त्याची कारणं बरीच असतात. पाळीत जास्त रक्त जाणं, लागोपाठची बाळंतपणं, पोटातले जंत, आणि ताटात कमी पडणारं अन्न.

मग आम्ही काटकसरीचा हिशोब पुन्हा मांडला. काटकसर म्हणजे नेमकी कुणाच्या ताटातून? दोडक्याच्या शिरांची चटणी केली ती घराची बचत. वरणाच्या चकोल्या केल्या तीही घराची बचत. पण सगळ्यांना ताजं वाढून शिळं रोज एकाच बाईनं खायचं, डाळीचा तळ रोज तिनंच पुसून घ्यायचा, ही बचत नाही. तो खर्च आहे. तो वहीत दिसत नाही, रक्तात दिसतो.

उरलेल्याचा पदार्थ करण्यातला आनंदही मग आम्हाला नीट कळला. शिळी पोळी एकटीनं कोपऱ्यात बसून संपवली तर ते ओझं. तीच कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता घालून कढईत परतली, वर लिंबू पिळलं आणि सगळ्यांच्या ताटात वाढली, तर तो पदार्थ. त्याला नाव मिळतं, मुलं तो मागून खातात. शिळं असतं ते सगळ्यांच्यात वाटलं जातं आणि ताजंही सगळ्यांच्यात वाटलं जातं. चांगला पदार्थ केला की घरात सगळ्यांना ते आवडीनं खायला लावता येतं, ही आपल्या हातातली ताकद आहे.

तेव्हापासून आमच्या गटाचे आणखी काही नियम झालेत.

पहिला, माप धरताना स्वतःला मोजायचं. घरात माणसं किती, असं विचारलं की आपण नवरा, मुलं, सासू-सासरे मोजतो. स्वतःला धरून मोजा आणि त्या हिशोबानं डाळीची वाटी घ्या.

दुसरा, वाढायला घेतानाच आपलं ताट वाढून झाकून ठेवायचं. भांड्यात काय उरतं त्याची वाट बघायची नाही. आमच्यातल्या दोघींच्या घरी यावरून कुरबुर झाली. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, “आमच्यात असं नव्हतं.” सुनेनं त्यांचंही ताट आपल्या शेजारी वाढलं आणि म्हणाली, “आत्याबाई, तुम्हीही बसा. दोघी बरोबरच जेवू.” आता त्याच म्हणतात, “ये गं, भाकरी गार होतीय.”

तिसरा, पालेभाजीवर, मोडाच्या मटकीवर, पोह्यांवर लिंबू पिळायचं. आंबटामुळं भाजीतलं लोह अंगी जास्त लागतं. जेवणाबरोबर आणि जेवल्या-जेवल्या चहा घ्यायचा नाही, चहानं ते लोह कमी लागतं. तास-दीड तास जाऊ द्या. भाजी लोखंडी कढईत करा, पण आंबट भाजी त्यातच ठेवून देऊ नका, लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. थंडीत अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीसाठी नकोत, चमचाभर अळीव घरातल्या सगळ्या बायका-पोरींना चालतं. मात्र गरोदर बाईनं आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि चौथा, नुसत्या खाण्यावर भिस्त ठेवायची नाही. हिमोग्लोबिन फार खाली गेलं असेल तर गोळ्या घ्याव्याच लागतात. उपकेंद्रात, आशाताईंकडे विचारा. गोळ्यांनी शौच काळं होतं, कधी मळमळतं, त्याला घाबरून सोडू नका, डॉक्टरांना सांगा. आमच्या त्या मैत्रिणीनं गोळ्या घेतल्या, ताट भरून जेवायला लागली. आता तिचं अकराच्या वर आहे आणि ती पुन्हा चढ चढून शेतात जाते. काटकसर तिनं सोडलेली नाही. फक्त आता स्वतःला धरून करते.

काहीजणी म्हणतील, एवढं करायला वेळ कुठाय? शेतातून यायचं, जनावरांचं बघायचं, पाणी भरायचं आणि मग पुस्तक वाचत स्वयंपाक करायचा? आम्हालाही वेळ नसतो. म्हणून तर आम्ही महिन्याला एकच पदार्थ धरतो. पण तो एक पदार्थ महिनाभर बोलायला पुरतो. विहिरीवर, एसटीत, बाजारात भेटलो की पहिला प्रश्न असतो, “तू त्यात काय घातलंस?” आपण रोज दोन वेळा करतो त्या कामाबद्दल कुणीतरी असं विचारावं, ऐकून घ्यावं, वहीत लिहावं, हे आजवर किती जणींच्या वाट्याला आलं होतं? आमच्या वहीत आता चाळीसच्या वर पदार्थ झालेत, प्रत्येकापुढं करणारीचं नाव आहे. कटाची आमटी पहिल्यांदा करणाऱ्या बाईचं नाव राहिलं नाही. आमची राहतील.

तुम्हीही असं करू शकता. गट नसला तरी शेजारची एक मैत्रीण पुरे. पुस्तक नसलं तरी आई, मावशी, सासूबाई आहेत. त्यांना “अंदाजानं घाल” म्हणू देऊ नका. हातात वाटी द्या आणि म्हणा, “यानं मोजून दाखवा.” मोजलेलं लिहून ठेवा. त्या गेल्यावर त्यांचा अंदाज त्यांच्याबरोबर जातो, माप मात्र घरात राहतं.

आणि आज रात्री एक काम करा. स्वयंपाक काहीही असू द्या, पिठलं-भाकरी असली तरी चालेल. वाढायला घेताना पहिल्यांदा एक ताट जास्तीचं मांडा. त्यात डाळ वरची घाला, भाजी पहिल्या पळीची घाला, लिंबाची फोड ठेवा. कुणी विचारलं, “हे कुणाचं?” तर सांगा, “माझं.”

आपल्याकडचे पदार्थ आणि मापं या रेडिओच्या पत्त्यावर नक्की लिहून पाठवा. पुढच्या वेळी ती वाचून दाखवू, तुमच्या नावासकट. येतो आता. जेवून घ्या!